आंबेनळी ते म्हसवड

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसाने कोकणातल्या महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे घरांवर डोंगर आला. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला.

महाबळेश्वर ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे. दहिवडी, गोंदवले, म्हसवड ही त्यातली मोठी गावं. महाबळेश्वरपासून म्हसवड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही भरणार नाही. माणमध्ये सगळ्या वर्षाचा सरासरी पाऊस साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर. म्हणजे जुलैतल्या त्या एका दिवसात एका तालुक्यात जेवढं पाणी कोसळलं, तेवढं दुसऱ्या तालुक्याला मृगापासून स्वातीपर्यंत मिळून मिळत नाही. जिल्हाधिकारी एकच, जिल्हा परिषद एकच. जुलैत एका टोकाला दरडींचा धोका म्हणून माणसं हलवायची आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाला टँकर चालू ठेवायचे, अशी वर्षं या जिल्ह्याने पाहिली आहेत.

पोलादपूर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड हा रस्ता एका दिवसात उरकतो. मी तो पावसाळ्यातही केला आहे आणि उन्हाळ्यातही. शाळेच्या पुस्तकात पर्जन्यछायेची जी आकृती असते (त्रिकोणी डोंगर, डावीकडून ढग, उजवीकडे कोरडी जमीन), ती या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरी ठरते. पण ती जिथे खरी ठरत नाही, तिथेच सह्याद्री समजायला लागतो.

सुरुवात वाऱ्यापासून. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. तिचा सर्वांत वेगवान थर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तयार होऊन भारताकडे वळतो. जे. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्याचा नीट माग काढला, म्हणून तो फिंडलेटर प्रवाह या नावानेही ओळखला जातो. हा थर समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरवर वाहतो. सह्याद्रीचा माथा साताऱ्याच्या पट्ट्यात बाराशे ते चौदाशे मीटर. हिमालयापुढे हा डोंगर ठेंगणा आहे, तरी पावसाच्या दृष्टीने त्याची उंची नेमकी आहे: वाऱ्याचा जोर जिथे सर्वाधिक, जवळजवळ तिथेच त्याची भिंत येते.

आणि ती खरोखर भिंत आहे. पोलादपूर समुद्रसपाटीच्या फारसं वर नाही. तिथून काही किलोमीटरांतच जमीन हजार मीटरपेक्षा जास्त उठते. वाऱ्याला वळसा घालायला वाट नाही, वर चढणं एवढंच हातात. चढताना हवेवरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि थंड होते. कोरडी असेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. बाष्पाचं पाणी होऊ लागलं की त्यातून उष्णता सुटते, थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि त्याच उष्णतेच्या बळावर हवा आणखी वर उचलली जाते. पुण्याच्या हवामान खात्यातले आर. पी. सरकार यांनी १९६६ साली या चढणाऱ्या हवेचं गणित मांडलं. मुंबई ते पुणे असा सह्याद्रीचा आडवा छेद घेऊन त्यांनी दाखवलं की पाऊस किनाऱ्यापासून आत वाढत जातो, माथ्याच्या थोडा अलीकडे सर्वाधिक होतो आणि माथा ओलांडताच झपाट्याने उतरतो. संगणक आजच्यासारखे हाताशी नसताना केलेलं हे काम आहे. घाटावर पडणाऱ्या पावसाचा विचार करणाऱ्याला आजही त्यापासून सुरुवात करावी लागते.

‘झपाट्याने’ म्हणजे किती, ते पाचगणीत कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस. रस्त्याने एकोणीस किलोमीटर पूर्वेला पाचगणी. तिथे दोन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे एक तृतीयांश. पाचगणी महाबळेश्वरपेक्षा किती खाली असेल? जेमतेम शंभर मीटर. आकृतीतला डोंगराचा उतार इथे अजून सुरूच झालेला नाही. हवा उतरली, तापली आणि कोरडी पडली हे स्पष्टीकरण वाईला लागू पडेल, पाचगणीला पडत नाही.

पाचगणीचं उत्तर ढगांच्या घडणीत आहे. पावसाळ्यातले घाटावरचे ढग बहुतेक वेळा ठेंगणे असतात, बर्फाच्या पातळीपर्यंत ते पोचतही नाहीत. समुद्राच्या मिठाचे सूक्ष्म कण धरून त्यांत थेंब तयार होतात, एकमेकांना चिकटत मोठे होतात आणि लवकर पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली, ती याचसाठी. इथे ढग अभ्यासायला विमान लागत नाही. पावसाळाभर ढगच खिडकीतून आत येतो. हवा वर उचलली जाण्याचं काम कड्यावर होतं. कडा संपला, सपाट माथा सुरू झाला की नवं पाणी तयार होणं मंदावतं आणि आधीचं पंधरा-वीस किलोमीटरांत रिकामं होतं. पाचगणीपर्यंत वारा येतो तो बराचसा खर्चून. पुढे पसरणी घाटाने वाईला उतरेपर्यंत हवा सहाशे मीटर खाली येते, तापते, उरलेले ढग विरतात. वाईला सात-आठशे मिलिमीटर. जुलैतल्या एखाद्या दुपारी पसरणी घाटातून मागे वळून पाहिलं तर माथ्यावर ढगांची सलग रांग दिसते आणि आपल्या अंगावर ऊन असतं.

सह्याद्री हा दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा डोंगर नाही. पश्चिमेला तो तुटतो, पूर्वेला पायऱ्या-पायऱ्यांनी देशात मिसळतो. त्याचे सोंडेसारखे फाटे, शंभू महादेवाची रांग त्यांतलाच एक, पूर्वेकडे लांबवर गेले आहेत. पर्जन्यछाया म्हणून ज्याला म्हणतात, तो या पायऱ्यांचा सगळा प्रदेश.

आता झाडांकडे. महाबळेश्वरचं जंगल सदाहरित गणलं जातं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी, नेचे. पण सहा हजार मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या या जंगलाची उंची पाहून केरळातून आलेल्या माणसाला आश्चर्य वाटेल. झाडं खुजी आहेत. कड्यालगत तर माणसाच्या दीड-दोन पट उंचीवरच त्यांची वाढ थांबते आणि सगळे शेंडे वाऱ्याने पूर्वेकडे कललेले असतात. वारा हे एक कारण, जांभ्यावरची उथळ माती हे दुसरं. तिसरं सर्वांत मोठं: एवढा पाऊस पडतो तो चार महिन्यांत. उरलेले सात-आठ महिने कोरडे. केरळच्या दक्षिणेला कोरडे महिने दोन-तीनच असतात. तिथे याहून निम्म्या पावसातही उंच, घनदाट जंगल उभं राहतं. पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडा काळ लांबत जातो, आणि जंगलाचं रूप एकूण पावसापेक्षा या लांबीने जास्त बदलतं. झाडाला वर्षाची बेरीज कळत नाही, मुळाशी किती महिने ओल राहते तेवढं कळतं. माणसांचंही तेच. मे महिन्यात पोलादपूरच्या आणि महाबळेश्वर तालुक्याच्या वाड्यांवर हंडे घेऊन झऱ्याशी बसलेल्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पाऊस भरपूर म्हणजे पाणी भरपूर हे समीकरण पुन्हा मांडता येणार नाही.

जांभा हीसुद्धा पावसाचीच करणी. मूळ खडक सगळीकडे तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. घाटमाथ्यावर आणि कोकणात दीर्घकाळ मुरणाऱ्या पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, कातळ तांबडा आणि सच्छिद्र झाला. पूर्वेला पाऊस कमी, धुपणं कमी, म्हणून त्याच कातळाची काळी, चुनखडी धरून ठेवणारी माती झाली. डोंगराने एका दगडाचे दोन देश केले ते असे.

जांभ्याचे सपाट सडे घाटमाथ्यावर जागोजागी आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेचं कास पठार त्यांतलं सर्वांना माहीत असलेलं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. वीतभरही माती नाही, झाड रुजत नाही, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांची सत्ता. तेरडा, गेंद, सीतेची आसवं. या शेवटच्या दोघांचं दलदलीशी नातं आहे: सड्यावर पाणी साचतं, मातीत नत्र नसतं, आणि सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. लोक गर्दी करतात ते रंगांसाठी, त्यात वावगं काही नाही. पण कासला जे प्रेम मिळतं, त्याचा काही भाग माणच्या माळाला मिळायला हवा होता, आणि हा लेख लिहिण्यामागे खरं कारण तेच आहे.

साताऱ्यापर्यंतचा, कृष्णा-वेण्णेच्या खोऱ्यांचा टापू लवकर ओलांडतो. ऊस, हळद, सोयाबीन. बागायती, सुखवस्तू गावं. कोरेगाव सोडून वर्धनगडाचा घाट चढला की बदल दिसू लागतो. पुसेगावच्या पुढे डोंगर उघडे होतात. हिवर, बाभूळ, बोर, तरवड, नेपती, घायपात. झाडांमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक झाड एकेकटं उभं राहतं, कारण जमिनीखाली मुळांना ओलीसाठी तेवढा घेर लागतो. पानं लहान, काही ठिकाणी काटेच. नेपतीने पानांचा हिशेब जवळजवळ सोडूनच दिला आहे, हिरवी फांदीच पानाचं काम करते. तरवड उन्हातही पिवळा फुललेला.

आणि गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. जून-जुलैच्या सरींनी माळ हिरवा होतो, दिवाळीपर्यंत सोनेरी. उन्हाळ्यात तो पाहणाऱ्याला मेलेला वाटतो, पण गवताचा जीव जमिनीखालच्या मुळांत असतो आणि वर्षानुवर्षं तिथेच साठत राहतो. याच माळावर लांडगा राहतो, खोकड राहते, काळवीट आणि चिंकारा राहतात, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक तिथून जवळजवळ संपला. तो जंगल तुटल्याने संपला नाही, माळ तुटल्याने संपला.

केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला जातो. नकाशावरच्या या रंगाचे परिणाम जमिनीवर होतात. पडीक ठरलेली जमीन ‘उपयोगात’ आणायची म्हणून माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प, निलगिरी, सुबाभूळ लावली जाते, सौरपॅनेल येतात, पवनचक्क्यांचे रस्ते डोंगर चिरत जातात, औद्योगिक वसाहत येते. झाडं लावणं हे नेहमी पुण्यच असतं, अशी आपली समजूत आहे. ती घाटमाथ्यावर, तोडलेल्या जंगलाच्या जागी, खरी आहे. साडेचारशे मिलिमीटरच्या माळावर दाट लावलेली परकी झाडं गवत मारतात, आणि गवताबरोबर त्यावर जगणारं सगळं. डोंगराने इथे पाऊस कमी दिला म्हणून इथली निसर्गसंपत्ती कमी, असं मानणं हे अज्ञान आहे. आणि ते अज्ञान शासकीय निर्णयांत उतरतं तेव्हा भरून न येणारं नुकसान होतं.

माणच्या पावसाचं वेळापत्रकही वेगळं आहे. घाटावर जुलै हा पावसाचा महिना. माणमध्ये जुलै-ऑगस्टला ढग दिसतात, वारा सुटतो, भुरभुर येते आणि जाते. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असल्याने बारीक थेंब वाटेतच विरतात. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. तेव्हा पश्चिमेचा वारा ओसरू लागलेला असतो आणि बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून इथवर येतात. उंच वाढणारे ढग, गडगडाट, टपोरे थेंब. या पावसाला सह्याद्री आडवा येत नाही, तो पाठीमागे असतो. म्हणून इथला शेतकरी मृगावर बाजरी, मटकी, हुलगा पेरतो, पण डोळे लावून बसतो हस्ताकडे. काळ्या रानात तो पाऊस मुरला की रब्बीची ज्वारी जवळजवळ त्या एका ओलीवर निघते. पूर्वेचा हा पाऊस कधी घातकही होतो. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेल्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर, पंढरपूर भागात पूर आणला होता.

पर्जन्यछायेत पाऊस पाडायचे प्रयत्नही झाले. राज्य सरकारने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये विमानातून ढगांवर मिठाची आणि रसायनांची फवारणी करवली. हवामानशास्त्र संस्थेचा ‘कायपीक्स’ हा प्रयोग २००९ साली सुरू झाला आणि पुढे सोलापूर परिसरात बीजन केलेल्या व न केलेल्या ढगांची पद्धतशीर तुलना झाली. योग्य ढग असेल तर पाऊस काही प्रमाणात वाढतो, इतपत त्यातून दिसलं. ढगच नसेल तर बीजन कशाचं करणार? दुष्काळी वर्षात नेमकं तेच नसतं.

माणसांनी मग पाणीच हलवायला घेतलं, आणि या गोष्टीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग इथे आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, घाटमाथ्याला समांतर दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. निसर्गाच्या हिशेबाने ते पूर्वेचं पाणी. पण कोयना धरणातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं, त्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. मुळशी आणि मावळातल्या टाटांच्या धरणांचं तंत्र तेच. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात तिथल्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. घाटाची हजार फुटांहून कितीतरी मोठी उडी विजेसाठी सोन्यासारखी आहे, हे मान्य. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचा कारखानदारीचा एक काळ उभा राहिला, हेही मान्य. पण दुसऱ्या बाजूला टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलून खानापूर, आटपाडी, सांगोला, जत, खटाव, माणकडे नेतात, आणि त्या पंपांना वीज लागते. एका उतारावर पाणी पाडून वीज करायची, दुसऱ्या उतारावर वीज जाळून पाणी चढवायचं.

या उपशाच्या योजनांना माझा विरोध नाही. १९७२ च्या दुष्काळाने ज्यांची घरं मोडली, त्यांना पाणी मागण्याचा पूर्ण हक्क आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त पाऊस न आल्याने धनगरांची वाडी उठून जाते. हा टापू पिढ्यान्‌पिढ्या असाच उठत आला: माण-खटावची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, विटा-आटपाडीकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी भारतभर पांगली, आणि आज केरळपासून पंजाबापर्यंत त्यांची दुकानं आहेत. माझा आक्षेप पाणी पोचल्यावर काय होतं त्यावर आहे. इतक्या खर्चाने चढवलेलं पाणी उसाला गेलं, तर तालुक्यातल्या थोड्या शेतांत ते मावतं आणि बाकीचा माळ होता तसाच राहतो. याच कोरड्या हवेत सांगोल्याचं डाळिंब पिकतं, कारण त्याला दमट हवा सोसत नाही, द्राक्षाचंही तसंच. कोरडेपणा ज्या पिकाला हवा ते पीक इथे थोड्या पाण्यात उभं राहतं. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेत जिंकलेलं वेळू हे कोरेगाव तालुक्यातलं गाव आहे. अंगावर पडलेला पाऊस अंगातच जिरवला तर गाव किती पुढे जातं, ते तिथे दिसलं. पडणाऱ्या पावसाचा मान ठेवून आखलेली शेती आणि त्याला धरून बाहेरचं पाणी, हा क्रम असायला हवा. सध्या तो उलटा आहे.

डोंगराच्या दोन्ही बाजू एकत्र धरून जगण्याची एक जुनी रीत या टापूत आहे, ती मेंढपाळांची. माण, खटाव, फलटण, माळशिरसकडचे धनगर पावसाळा आपल्या कोरड्या गावी काढतात. डेक्कनी मेंढराला घाटावरची झड मानवत नाही. सतत ओल्या जमिनीवर खूर सडतात. त्या काळात माळावर गवत असतंच. दसरा-दिवाळीला माळ वाळू लागला की वाडे हलतात. घोड्यावर संसार, पुढे मेंढरं, आणि घाट उतरून कोकण. तिथे भात निघालेलं असतं, मोकळ्या खाचरांत रात्री वाघर लावून मेंढरं बसवायची. शेताला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. मेच्या अखेरीस, वळीव सुरू झाले की परत. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या वाटांवर धनगरांबरोबर राहून त्यांची दैवतं आणि ओव्या टिपल्या. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा यांची ठाणीही याच फिरतीच्या वाटांवर पसरलेली आहेत. म्हसवडची घोंगडी या कोरड्या माळावरच्या लोकरीची, आणि ती डोक्यावर घेऊन मावळातला माणूस भर पावसात भात लावत आला.

ही वाट आता अरुंद होत चालली आहे. कोकणात भाताच्या जागी कुंपण घातलेल्या आंबा-काजूच्या बागा आल्या, घाटात चौपदरी रस्ते झाले, आणि इकडे वनविभागाच्या लागवडीच्या चरांनी माळ बंद होतो. मेंढपाळ कुटुंबांची मागणी साधी आहे: पावसाळ्याच्या चार महिन्यांत गवताच्या माळावर चराईचा हक्क कागदावर लिहून द्या आणि ज्या जागी गवत हीच मूळची वनस्पती आहे, तिथे झाडांचे खड्डे घेऊ नका. पहिल्या मागणीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक चराईची तरतूद आहे, फिरत्या पशुपालकांचा उल्लेखही आहे. दुसरीसाठी वनविभागाच्या लागवड आराखड्यात माळाची नोंद गवताळ अधिवास म्हणून व्हायला हवी.